घशातला चिकटा जातच नाही: दर पावसाळ्यातली तीच तक्रार कुठून तपासायला घ्यायची

लक्षणं आधी लिहिते, म्हणजे हे तुमच्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल.

घशात मागच्या बाजूला काहीतरी चिकटून बसलंय असं सतत वाटतं. गिळलं तरी जात नाही, खाकरलं तरी निघत नाही, आणि निघालाच तर करंगळीच्या नखाएवढा पांढरट बेडका.

सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास न्हाणीघरात खाकरण्यात जातो. बाहेर चहा निवतो.

रात्री आडवं झालं की एक नाकपुडी बंद, कूस बदलली की दुसरी.

ताप नाही, अंग दुखत नाही, जेवण व्यवस्थित. पण हे महिनोन्‌महिने चाललंय. गोळी घेतली की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

यातल्या दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर पुढे वाचा. सोबत ताप, धाप, रक्त किंवा घटलेलं वजन असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागावर जा.

मी सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका उपकेंद्रात बावीस वर्षं आरोग्यसेविका होते. "नर्सबाई, घशात कायतरी अडाकलाहा, जाणा नाय" हे वाक्य मी जून ते ऑक्टोबर रोज ऐकलं. मी डॉक्टर नाही. पण एकच बिघाड शेकडो वेळा बघितला की कुठे आधी हात घालायचा ते कळायला लागतं. आणि यातल्या बऱ्याच जणांना औषधाची गरज नव्हती, हेही कळलं.

बिघाड नेमका कुठे असतो

लोक म्हणतात, "कफ फार झालाय." बहुतेक वेळा फार झालेला नसतो. तो घट्ट झालेला असतो, किंवा पुढे सरकायचा थांबलेला असतो. हा फरक ध्यानात आला नाही तर सगळे उपाय उलटे होतात.

निरोगी माणसाच्या नाका-घशात दिवसाला साधारण लिटरभर शेंबूड तयार होतो. हो, लिटरभर. तो कुठे जातो? आपण गिळतो. नाकाच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि वरचा चिकट थर मागे, घशाकडे ढकलतात. वेग मिनिटाला पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे मुंगीच्या मानानेही संथ. फुप्फुसातले केस तोच माल खालून वर आणतात. दोन्हीकडचं घशात एकत्र येतं, आपण नकळत गिळतो आणि पोटातलं आम्ल त्यातल्या जंतूंचा निकाल लावतं. तेव्हा "कफ गिळला तर पोटात साठतो का?" या प्रश्नाचं उत्तर: नाही, जन्मापासून गिळताय.

सुपारीच्या बागेत पाट असतो ना, तसंच हे. पाणी पुढे जात नाही म्हणून कोणी विहीर बुजवत नाही. गाळ कुठे बसलाय, पाला कुठे अडलाय ते बघायला फावडं घेऊन पाटाच्या कडेने चालत जावं लागतं.

शेंबडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. उरलेल्यात मुख्य म्हणजे म्युसिन नावाची प्रथिनं. ती पेशीतून बाहेर पडताना घट्ट गोळा होऊन येतात आणि पाणी मिळालं की शेकडो पटींनी फुगतात. सब्जाचं बी पाण्यात टाकल्यावर फुगून त्याभोवती बुळबुळीत गर धरतो, तसं. पाणी कमी पडलं की तोच गर डिंकासारखा होतो. हलणाऱ्या केसांना मग तो ओढवत नाही, आणि तुम्हाला "अडकलाहा" असं वाटतं.

बाकी त्यात क्षार असतात, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं असतात आणि लायसोझाइम असतं. हे लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सापडलं ते स्वतःला सर्दी झालेली असताना नाकातला स्राव जंतूंच्या बशीवर टाकून बघितला तेव्हा. जंतू विरघळले. १९२१ च्या अखेरची गोष्ट, पेनिसिलिनच्या जवळजवळ सात वर्षं आधीची. त्यामुळे "नर्सबाई, हे सगळं सुकवून टाकणारी गोळी द्या" असं कोणी म्हटलं की मला हसू यायचं. ते सुकवलं तर दारावरचा राखणदारच गेला.

पहिली तपासणी: तीन दिवस वही (खर्च शून्य)

औषध घ्यायच्या आधी तीन दिवस लिहून काढा. कधी जास्त होतं: उठल्यावर, जेवल्यावर, रात्री, की एखाद्या ठराविक खोलीत? नाक कुठल्या बाजूचं बंद? शिंका येतात का, डोळे-टाळू खाजतात का? जे निघतं ते पाण्यासारखं, की चिकट?

याने निम्मं निदान होतं. पाण्यासारखं वाहतं, शिंका आहेत, खाज आहे: ॲलर्जीकडे बघा. नाकाला काही नाही, फक्त घशात चिकटा आणि उठल्यावर आवाज घोगरा: पित्ताकडे बघा. कूस बदलली की नाकपुडी बदलते: हे बिघाडात मोजूच नका. दोन्ही नाकपुड्या दर काही तासांनी आळीपाळीने थोड्या मिटतात-उघडतात, सगळ्यांच्याच. पण एकच नाकपुडी, तीच बाजू, आठवडेच्या आठवडे बंद असेल तर ते बिघाडात मोजायचं.

रंगाबद्दल. हिरवा दिसला की लोक थेट मेडिकलच्या दुकानात जाऊन अँटिबायोटिक मागतात. हिरवेपणा जंतूंचा नसतो. तुमच्याच पांढऱ्या पेशी लढायला आल्या की त्यांच्यातल्या एका विकराचा (एन्झाइमचा) तो रंग असतो. साध्या विषाणूच्या पडशातही तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट-पिवळं येतंच आणि आपोआप जातं. रंगावरून अँटिबायोटिक ठरत नाही. दहा दिवस झाले तरी उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आणि गालफडं दुखायला लागली, तर मात्र डॉक्टरला दाखवायचं.

दुसरी: खाकरणं थांबवा, पाणी वाढवा

हे ऐकून लोक नाराज होतात. खाकरल्यावर बरं वाटतं हो, पण मिनिटभरच. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, तिथलं अस्तर सुजतं, सुजलं की ते संरक्षणासाठी आणखी चिकटा सोडतं, आणि तुम्ही पुन्हा खाकरता. आमच्या वाडीत एक भजनी बुवा होते, पखवाजाच्या तालावर खाकरायचे म्हणा ना. त्यांना सांगितलं, खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्या किंवा कोरडंच जोरात गिळा, आठ दिवस. आठव्या दिवशी येऊन म्हणाले, "अर्धा कमी झाला. बायको म्हणता घरात कोण नाय असा वाटता."

पाण्याचं सोपं गणित: लघवी फिकट पिवळी होईपर्यंत प्या. पावसात तहान लागत नाही, चहावर चहा होतो, पाणी राहतं. पेज, कुळथाचं कढण, साधं गरम पाणी, काहीही चालेल. हृदयाच्या किंवा किडनीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर त्यांनी सांगितलं तेवढंच.

दूध आणि केळं बंद करायची गरज नाही. दूध लाळेत मिसळलं की तोंडात क्षणभर साय बसल्यासारखं वाटतं, त्यालाच लोक कफ समजतात. शेंबूड त्याने वाढत नाही. पोरांचं दूध पावसाळाभर तोडणाऱ्या आज्यांशी मी बावीस वर्षं भांडले आणि बहुतेक वेळा हरले.

नाक शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी, हळू. दोन्ही दाबून जोर केला की माल कानाकडे आणि सायनसमध्ये जातो.

तिसरी: गादी, भिंत आणि धूर

इथे मी थोडी थांबणार, कारण कोकणात खरा चोर बहुतेकदा इथेच सापडतो.

गणपतीला चाकरमानी गावी येतात. वर्षभर बंद घर उघडलं जातं. माळ्यावरच्या गाद्या खाली येतात, ट्रंकेतल्या गोधड्या झटकून टाकतात, त्यावर दहा-बारा माणसं आडवी होतात. दुसऱ्या सकाळी निम्म्या घराचं नाक गळतंय, पोरं शिंकतायत, आणि निदान तयार: "पाणी बदललं, बाधलं." विहिरीच्या पाण्याला उगाच बोल. एका वर्षी मी अशाच एका घरी गेले. बैठकीच्या खोलीतली गादी उलटी केली, तर खालच्या बाजूला काळ्या-हिरव्या ठिपक्यांची नक्षी, आणि वास असा कुबट की मलाच तीन शिंका आल्या. त्या गादीवर झोपणाऱ्या मुलाला दर गणपतीत "सर्दी" व्हायची आणि ठाण्याला परत गेला की दोन दिवसांत उतरायची. आई म्हणायची, गावची हवा सोसत नाही.

कारण सरळ आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेतला ओलावा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असतो. अशा हवेत गादीत धुळीचे सूक्ष्म किडे वाढतात, जे डोळ्यांना दिसत नाहीत आणि आपल्या अंगावरून गळलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. जांभ्याच्या भिंतींवर, कपाटाच्या मागे, चपलांवर बुरशी धरते. किड्यांची विष्ठा आणि बुरशीचे कण नाकात गेले की अस्तर त्यांना शत्रू समजतं आणि धुऊन काढायला पाणी सोडतं. म्हणजे नाक काम चोख करतंय. कामाचं कारण तुमच्या उशाखाली आहे.

तपासायचं कसं? तीन रात्री दुसरीकडे झोपा. दुसरी खोली, दुसरी गादी, जमल्यास चटईवर धुतलेली चादर घालून. बरं वाटलं तर उत्तर मिळालं. एक पैसा खर्च नाही.

मग काय करायचं: चादरी, अभ्रे, गोधड्या आठवड्याला बंबातल्या कढत पाण्यात धुवायच्या. पाणी साठ अंशांच्या आसपास असेल तरच किडे मरतात, कोमट पाण्याने फक्त चादर स्वच्छ होते. पावसाने उघडीप दिली की गादी खळ्यात उन्हात, दोन्ही बाजू. बुरशी धरलेल्या भिंतीवर नुसता रंग मारू नका, पावसाच्या पहिल्या महिन्यात ती रंगातून वर येते. आधी साबणाच्या पाण्याने घासून, कोरडी करून, पाणी कुठून मुरतं ते बघा. कौल सरकलंय की वळचणीचं पाणी भिंतीवर उडतंय? घासताना तोंडाला मास्क बांधा आणि ज्याला त्रास आहे त्याला त्या कामाला लावू नका. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालायचे नाहीत. जागा नसते, ठाऊक आहे, पण पडवीत दोरी बांधा. गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकायच्या असतील तर गणपतीनंतर ओल्या टाकू नका, ऑक्टोबरचं ऊन दाखवून मगच.

आता धूर. गॅस आला तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवर किंवा बंबावर तापतं, नारळाची सोडणं आणि झावळ्या जाळून. पावसात ती ओली असतात, म्हणजे धूर दुप्पट. संध्याकाळी धूप, रात्री मच्छर कॉइल, कोणाच्या हातात विडी, कोणाची मशेरी तव्यावर भाजणं चाललेलं. धुराने ते हलणारे केस मंदावतात आणि बरीच वर्षं चाललं तर झडतात, उलट चिकटा सोडणाऱ्या पेशी वाढतात. पाटाला माल जास्त आणि ढकलणारं कोणी नाही. तंबाखू न ओढलेल्या, पण तीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बायकांना विडी ओढणाऱ्यांसारखाच फुप्फुसाचा आजार झालेला मी पाहिलाय. दोन वर्षं लागोपाठ, वर्षातले तीन महिने रोज खोकून बेडका पडत असेल तर त्याला डॉक्टर जुना ब्राँकायटिस म्हणतात. तिथे घरच्या उपायांवर थांबायचं नाही, नळीत फुंकायची फुप्फुसाची तपासणी (स्पायरोमेट्री) करून घ्यायची.

बाकीच्यांनी कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा. लाकडं पावसाआधी भरून कोरडी ठेवा. आंब्याच्या बागेत फवारणी चालू असेल त्या दिवशी खिडक्या लावून घ्या.

चौथी: औषधाच्या डब्यात डोकवा

बिघाड दुरुस्त करायला आणलेल्या वस्तूंनीच बिघाड चालू राहतो, असं इथे फार दिसतं.

सर्दीच्या साध्या गोळ्या, ज्यांनी झोप येते त्या, नाक सुकवतात. वाहतं नाक थांबतं, पण उरलेलं आणखी घट्ट होतं. घशात आधीच चिकटा असलेल्या माणसाने त्या महिनाभर घेतल्या तर तक्रार वाढणारच.

"कफ सिरप" या नावाने आपल्याकडे भारीच घोटाळा केलाय. मराठीत कफ म्हणजे बेडका. बाटलीवरचा कफ म्हणजे इंग्रजीतला खोकला. लोकांना वाटतं कफ काढणारं औषध. प्रत्यक्षात काही बाटल्यांतलं औषध खोकलाच दाबतं, म्हणजे छातीतला माल वर येण्याचा रस्ता बंद. बाटली घेताना विचारा, हे खोकला दाबणारं आहे की बेडका पातळ करणारं? आणि लहान पोरांना दुकानातून आणून परस्पर काहीही पाजू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात दूषित खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली, त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत असं बजावलं. वर्षावरच्या मुलाला रात्री चमचाभर मध चाटवा. वर्षाखालच्या बाळाला मधही नाही, आणि कापूर तर नाकाजवळ नेऊच नका, तो बाळांना विषारी ठरतो.

बीपीची गोळी बघा. नावाच्या शेवटी "प्रिल" असेल, एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशी, तर घशात सारखं खवखवून कोरडा खोकला हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टरांना दाखवायची, ते बदलून देतात.

आता नाकात टाकायचे थेंब. हे मी स्वतः भोगलंय म्हणून नीट सांगते. एका गणपतीत मला जबरदस्त पडसं झालं. नाक उघडणारे थेंब आणले, झायलोमेटाझोलिनचे. टाकले की दोन मिनिटांत दोन्ही नाकपुड्या मोकळ्या, स्वर्ग. होळी आली तरी बाटली उशाखालीच. आधी रात्रीच टाकायचे, मग दर चार तासांनी, मग एसटीत बसण्याआधी, मग लसीकरणाच्या मधेच उठून. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी बाई! हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात. तीन-पाच दिवसांपुढे टाकत राहिलं की असर उतरताच त्या पहिल्याहून जास्त फुगतात, म्हणजे नाक थेंबांमुळेच बंद होतं. सुटायला मला दोन आठवडे लागले. आधी एका नाकपुडीत टाकायचे बंद केले, ती सुधारल्यावर दुसरीत. पहिल्या चार रात्री बसून काढल्या. डॉक्टरांनी मधल्या काळासाठी दुसरा फवारा दिला होता, त्याने निभावलं. तुमच्या उशाखाली अशी बाटली असेल तर बाकीच्या तपासण्या सोडा, हाच तुमचा बिघाड.

पाचवी: मिठाच्या पाण्याने नाक धुणं

घरगुती उपायांत हा सगळ्यात कामाचा. जलनेती म्हणतात तीच. चिकटा पातळ होतो, बुरशीचे कण-धूळ धुऊन जाते, केसांना पुन्हा हलायला जागा होते. पण चुकीची केली तर धोकाही यातच.

पाणी उकळलेलंच हवं. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट. मी पाच सांगते, म्हणजे लोक दोन तरी उकळतात. मग झाकून कोमट होऊ द्या. "आमच्या विहिरीचं पाणी अमृत आहे" हे पिण्यापुरतं खरं असेल. गोड्या, उबदार पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो प्यायल्याने काही करत नाही, नाकातून गेला तर मेंदूत पोचतो, आणि मग माणूस वाचणं कठीण. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये असे रुग्ण आढळले. आपली हवा आणि विहिरी फार वेगळ्या नाहीत. फिल्टरचं पाणीही उकळूनच घ्या.

प्रमाण: एक लिटर पाण्याला सुमारे नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, आणि चिमूटभर खायचा सोडा. नुसत्या पाण्याने नाक झोंबतं, कारण ते आतल्या पेशींपेक्षा पातळ पडतं. मीठ बरोबर असेल तर झोंबत नाही, हीच खूण. शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ लोणच्याला उत्तम, नाकाला नको, त्यात रेती असते. पुडीतलं बारीक घ्या, आयोडीन नसलेलं मिळालं तर अधिक चांगलं.

न्हाणीवर ओणवं व्हा, डोकं एका बाजूला कलतं, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास. वरच्या नाकपुडीत नेतीपात्राने किंवा सुई काढलेल्या नव्या सिरिंजने हळू पाणी सोडा, खालच्या नाकपुडीतून येईल. मग दुसरी बाजू. झाल्यावर दोन मिनिटं पुढे वाकून पाणी निथळू द्या, लगेच जोरात शिंकरू नका. भांडं रोज धुऊन उन्हात कोरडं करा. दिवसातून एकदा, दोन आठवडे. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल तर करू नका, आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

वाफेबद्दल: बरं वाटतं, घ्या. पण तेवढंच. पोरांना उकळत्या टोपावर वाकवू नका. टोप कलंडून भाजलेलं एक पोर मी मांडीवर घेऊन जीपने तालुक्याला नेलंय. त्याची सर्दी तर आपोआपच गेली असती.

सहावी: पित्त

नाक स्वच्छ, गादी बदलली, तरी सकाळी घशात चिकटा आणि आवाज जड. जळजळ नसते, म्हणून लोक पित्त मानतच नाहीत. पोटाच्या आतल्या भिंतीला जाड शेंबडाचा थर असतो, म्हणून तिथलं आम्ल पोटालाच जाळत नाही. घशाला ते चिलखत नाही. रात्री थोडंसं जरी वर आलं तरी घसा भाजतो आणि चिकटा सोडतो.

रात्री साडेदहाला माशाचं तिखलं-भात पोटभर आणि अकराला आडवं, ही आपली रीत. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली वीतभर उंचीचे ठोकळे घाला, जांभ्याचा चिरा ठेवला तरी चालतो. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, त्याने पोट दुमडतं. दारू आणि तंबाखू, काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. तीन-चार आठवडे जाऊ द्या, घसा सावकाश बरा होतो.

आणि एक प्रकार असा की घशात गोळा वाटतो, थुंकी गिळताना जाणवतो, पण जेवताना भाकरीचा घास सरळ जातो. तिथे अडकलेलं काही नसतंच, घशाचे स्नायू ताणलेले असतात. घरात ताण चालू असेल तेव्हा हा जोर करतो. घास खरोखर अडकत असेल तर ते वेगळं, ते खाली बघा.

इथे थांबा आणि डॉक्टर गाठा

वरचं सगळं क्रमाने महिनाभर करून फरक नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. ते बहुधा नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा देतील. नाव ऐकून घाबरू नका, मात्रा अगदी कमी असते आणि काम नाकातच. लोक तिसऱ्या दिवशी "गुण नाही" म्हणून सोडतात, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजव्या, टोक बाहेरच्या बाजूला, कानाकडे. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं.

महिनाभर थांबायचं नाही असं:

बेडक्यात रक्त, घास अडकणं, मानेत गाठ, तीन आठवड्यांहून जास्त घोगरा आवाज, वजन घटणं. तंबाखू-मशेरीवाल्यांनी तर एक दिवसही नको.

एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा स्राव. लहान पोर असेल तर आत चिंचोका, मणी किंवा खडू असतो. घड्याळाचा चपटा सेल असण्याची शंका जरी आली तरी त्याच तासाला निघा, तो काही तासांत आतलं मांस जाळतो. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका.

डोक्याला मार लागल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं, खारट थेंब-थेंब.

डोळ्याभोवती सूज, डोळा पुढे आल्यासारखा, कपाळ फुटेल असं दुखणं. साखर वाढलेल्या माणसाच्या नाकात काळी खपली किंवा गाल बधिर: २०२१ च्या लाटेतली काळी बुरशी आठवा.

बाळाचा श्वास. शांत असताना पूर्ण मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली साठ किंवा जास्त, वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, किंवा अंगावर पीत नाही: १०८ ला फोन.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी. सरकारी केंद्रात ती फुकट होते. लाजून लोक खाजगीत औषधं बदलत बसतात आणि घरातल्या चौघांना लागण होते.

या तपासणीला डबी देतात आणि दहातले पाच जण त्यात थुंकी भरून आणतात. थुंकीत काही सापडत नाही, अहवाल चुकतो. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरा. खळ्यात उघड्यावर या, आसपास कोणी नको. दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खोका, घशातून नाही. चहाच्या चमच्याएवढा घट्ट बेडका पुरतो. झाकण घट्ट लावून त्याच सकाळी केंद्रात पोचवा. दुपारच्या एसटीची वाट बघत डबी खिडकीत उन्हात ठेवू नका.